कागदावरच मिटलेले पंख

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठावर उभे राहिले की, अवकाशातून अनिर्बंध वेगाने आलेली वस्तू काय करू शकते याचा प्रत्यय येतो. काळ्या बेसॉल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाले. असा अशनी वातावरणात शिरताना सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग त्याहून कमी, पण तोही सेकंदाला पावणेआठ किलोमीटर! हा वेग जिरवून माणसांना सुखरूप खाली आणायचे कसे, या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर म्हणजे पंख.

पंख असलेले यान हवेचा आधार घेत वेग सावकाश कमी करते. कुपीतून परतणाऱ्या अंतराळवीराला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चौपट भार सोसावा लागतो. स्पेस शटलमध्ये तो दीडपटीच्या आसपास असे. शिवाय वैमानिकाला मार्ग बदलून सोयीची धावपट्टी गाठता येते. समुद्रात पडून जहाजाची वाट पाहण्यापेक्षा हे केव्हाही सन्मानाचे!

तरीही अशी बहुतेक याने आराखड्यातच राहिली. अमेरिकी हवाई दलासाठी बोइंग कंपनी 'डायना-सोअर' हे एका वैमानिकाचे यान तयार करीत होती. त्याच्या वैमानिकांत काही काळ नील आर्मस्ट्राँग यांचाही समावेश होता. परंतु या यानाचे नेमके काम काय, याचे समाधानकारक उत्तर मिळेना. अखेर १० डिसेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी तो प्रकल्प गुंडाळला. सोव्हिएत संघाच्या 'स्पायरल' योजनेतील एक नमुना १९७० च्या दशकात वातावरणात उडाला, अंतराळात मात्र गेला नाही.

सर्वांत चटका लावणारी कथा युरोपच्या 'हर्मिस'ची. १९८६ मध्ये 'चॅलेंजर'चा स्फोट झाला आणि संकटकाळी अंतराळवीरांना बाहेर पडण्याची सोय अनिवार्य ठरली. वजन वाढत गेले, सहा आसनांची तीन झाली, खर्च आवाक्याबाहेर गेला. १९९२ मध्ये तो नाद सोडण्यात आला. ज्या यानाचा भार पेलण्यासाठी 'एरियान-५' अग्निबाण घडवला गेला, ते यान कधी आलेच नाही. त्या अग्निबाणाने पुढे भारताचे अनेक जीसॅट उपग्रह मात्र वाहून नेले.

अडचण पंखांतच आहे. परतीच्या अखेरच्या टप्प्यात उपयोगी पडणारे पंख वर जाताना निव्वळ ओझे असतात. ते जपावेही लागतात. उड्डाणाच्या वेळी सुटलेल्या फोमच्या तुकड्याने 'कोलंबिया'च्या डाव्या पंखाच्या कडेला भगदाड पाडले आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात जण परतीच्या वाटेवर मृत्युमुखी पडले. त्यात इंजिनाविना तरंगत उतरायचे असल्याने धावपट्टी चुकली तर पुन्हा घिरटी घालण्याची संधी नाही.

भारताने हा मार्ग बेतानेच धरला आहे. 'इस्रो'चे पंखयुक्त प्रायोगिक यान २३ मे २०१६ रोजी सुमारे ६५ किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन समुद्रात उतरले. नंतर २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलेली याने तीन वेळा आपली आपण धावपट्टीवर उतरली. शेवटच्या चाचणीत जमिनीला टेकताना वेग ताशी ३२० किलोमीटरहून अधिक होता. या यानांत वैमानिकासाठी आसन नव्हते. 'गगनयान'च्या आराखड्यातही अंतराळवीर कुपीतून, पॅराशूटच्या आधाराने समुद्रातच उतरणार आहेत.