विशेष शिक्षण योजनेतील मुलांचा वर्ग कसा ठरतो?

अमेरिकेत अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत आणि योग्य सार्वजनिक शिक्षणाचा हक्क 1975च्या केंद्रीय कायद्याने मिळाला. 1990 पासून तो कायदा ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो. पात्र ठरलेल्या प्रत्येक मुलासाठी ‘आयईपी’ म्हणजे वैयक्तिक शिक्षण योजना लेखी तयार होते. मुलाची सध्याची प्रगती, वर्षभराची उद्दिष्टे आणि लागणाऱ्या सेवा तिच्यात नोंदवलेल्या असतात.

मुलाने कोणत्या वर्गात शिकायचे, हे योजना तयार झाल्यावरच ठरते. हा निर्णय पालकांचा समावेश असलेला गट घेतो. शक्य तितके इतर मुलांबरोबर शिकवावे, हे त्याचे मुख्य तत्त्व. त्यामुळे पहिला विचार सर्वसाधारण वर्गाचा होतो. तिथे साहाय्यक शिक्षक किंवा विशेष साधने देऊन, अभ्यासक्रमात फेरफार करूनही समाधानकारक शिक्षण होत नसेल, तरच पुढचे पर्याय येतात: काही तासांपुरता स्वतंत्र मार्गदर्शन कक्ष, पूर्णवेळ विशेष वर्ग, विशेष शाळा, घरी किंवा रुग्णालयात शिक्षण.

केवळ अपंगत्वाच्या प्रकारावरून किंवा शाळेच्या सोयीसाठी मुलाला वेगळे बसवणे योग्य नाही. त्याची गरज हाच निकष असला पाहिजे. वर्गाच्या निवडीचा वर्षातून किमान एकदा फेरविचार होतो. पालकांना निर्णय अमान्य असल्यास ते मध्यस्थी किंवा सुनावणी मागू शकतात. सुनावणीचा निकाल लागेपर्यंत मूल सामान्यतः आधीच्याच वर्गात राहते.