फणसाड : समुद्राला खेटून जंगल

रायगड जिल्ह्यातलं, मुरूडजवळचं हे रान एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. 1986मध्ये ते अभयारण्य झालं. इथल्या बारमाही पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात इतर पाणी आटतं तेव्हा प्राणी गाणीवरच येतात, त्यामुळे निरीक्षणाला एप्रिल-मे उत्तम. घाम मात्र भरपूर गाळावा लागतो. राज्यप्राणी शेकरू सकाळी फांद्यांवर दिसतो. बिबट्याची आस धरून मात्र जाऊ नये. गारंबीच्या महावेलीच्या हातभर लांब शेंगा जरूर पाहा. प्रवेश सुपेगावातून. पायवाटांवर स्थानिक वाटाड्या हवाच. काशीदचा किनारा जवळच आहे, पण शनिवार-रविवारी तिथली गर्दी टाळलेली बरी.