गाडीच्या रंगावरील बारीक चरे : पॉलिशने चमक परत येते, पण थर झिजतो

नवी दिल्ली : नवी गाडी घेऊन वर्षही उलटत नाही, तोच तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, वर्तुळाकार चरे दिसू लागतात. सावलीत गाडी निर्दोष भासते. मात्र थेट ऊन किंवा पेट्रोल पंपावरील दिव्यांचा प्रकाश पडताच हे जाळे उठून दिसते. काळ्या व गडद निळ्या गाड्यांवर ते विशेष जाणवते. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही ते असते, परंतु सहसा नजरेत भरत नाही. वाहन व्यवसायात या चऱ्यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. त्यांवर उपाय म्हणून अनेक जण दरवर्षी गाडीला पॉलिश करून घेतात. पॉलिशने चमक परत येते हे खरे. मात्र ती कशाच्या मोबदल्यात येते, हे जाणून घेणे गरजेचे आहे.

केसाहून पातळ कवच

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर हे कवच केसाहूनही पातळ ठरते. गाडीची झळाळी याच थरामुळे असते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. जाळीदार चरे पडतात ते याच थरात.

हे चरे प्रत्यक्षात वर्तुळाकार नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात; परंतु प्रकाशबिंदूभोवती विशिष्ट कोनात असलेलेच चरे प्रकाश डोळ्यांकडे परावर्तित करतात. त्यामुळे दिव्याभोवती कडी तयार झाल्याचा भास होतो. पाहणारा जागेवरून सरकला की कडीही सरकते. स्टीलच्या ताटावर घासणीने पडलेले ओरखडे असेच दिसतात.

मूळ कारण : कोरडे फडके

शहरांतील गृहसंकुलांत रोज पहाटे कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने गाड्या पुसल्या जातात. अनेकदा एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने ओळीने अनेक गाड्या पुसून होतात. धुळीत वाळूचे, म्हणजेच क्वार्ट्‌झचे सूक्ष्म कण असतात. मोहस् मापनश्रेणीत क्वार्ट्‌झचे काठिण्य ७ असून ते साध्या पोलादी सुरीपेक्षाही कठीण आहे. असे कण फडक्याखाली घासले गेले की ते पॉलिश पेपरसारखे काम करतात. गाडी स्वच्छ ठेवण्याची ही नित्याची सवयच तिचा पृष्ठभाग खराब करते. स्वयंचलित धुलाई केंद्रांतील अस्वच्छ ब्रश आणि धुळीने माखलेल्या गाडीवर ओढलेले कापडी आच्छादन यांचाही परिणाम तसाच होतो.

पॉलिश नेमके काय करते?

पॉलिश चरा ‘भरून’ काढते, हा समज चुकीचा आहे. चऱ्याभोवतीचा क्लिअर कोट घासून पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे, हे पॉलिशचे काम. सौम्य पॉलिशने साधारण एक-दोन मायक्रॉन थर जातो. खरखरीत कंपाउंड आणि लोकरी पॅड वापरल्यास त्याहून अधिक. गेलेला थर परत येत नाही. तो फार पातळ झाल्यास उन्हाने पांढुरका पडून पापुद्र्यासारखा सुटू लागतो. त्यानंतर त्या भागाला पुन्हा रंग देण्याखेरीज पर्याय उरत नाही. मेण किंवा ग्लेझ लावल्यास चरे काही काळ झाकले जातात, पण काही धुण्यांनंतर ते पुन्हा दिसू लागतात.

म्हणून आधी चऱ्याची खोली तपासावी. स्वच्छ धुतलेल्या जागेवर पाणी शिंपडताच चरा दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातच असतो. नख फिरवताना अडकले, तर चरा खोल असून केवळ पॉलिशने तो जाण्याची शक्यता कमी असते. आत प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल, तर टच-अप रंग त्वरित लावावा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो.

पॉलिश करायचेच असल्यास जाडीमापकाने रंगाची जाडी मोजण्याचा आग्रह धरावा. प्रथम लहानशा भागावर सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे आणि त्याने भागत नसेल तरच पुढची पायरी गाठावी. दरवाजांच्या व बॉनेटच्या कडांवर रंग पातळ असतो, तेथे विशेष जपावे. दुहेरी गतीचे पॉलिशिंग यंत्र एकाच दिशेने वेगाने फिरणाऱ्या यंत्रापेक्षा कमी उष्णता निर्माण करते, त्यामुळे ते अधिक सुरक्षित असते. टूथपेस्ट चोळण्याचा घरगुती उपाय टाळावा. तीही घासणारी पेस्टच आहे.

सिरॅमिक कोटिंगने धुणे सोपे होते, पण आधीचे चरे जात नाहीत आणि नवे पडणे पूर्णतः थांबत नाही. पेंट प्रोटेक्शन फिल्म जाड असल्याने अधिक संरक्षण देते. मात्र तिचा खर्चही मोठा असतो.

धुण्याची योग्य पद्धत

आधी पाण्याने धूळ व चिखल वाहून जाऊ द्यावा, हात नंतर लावावा. शाम्पूची एक आणि फडके खळबळण्यासाठी साध्या पाण्याची दुसरी, अशा दोन बादल्या ठेवाव्यात. मऊ मायक्रोफायबरने टपापासून खाली, सरळ रेषेत आणि भार न देता धुवावे. चाकांसाठी वेगळे फडके वापरावे. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. गाडी सावलीत धुवावी व लगेच टिपून कोरडी करावी. अन्यथा बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग राहतात.

पाणीटंचाईच्या भागात एका बादलीत होणारे, नंतर पाणी ओतावे न लागणारे धुलाईद्रव्य उपयुक्त ठरते. तेही शक्य नसेल, तर पुढच्या धुण्यापर्यंत गाडीवर धूळ राहू द्यावी. काचा आणि दिवे तेवढे स्वच्छ ठेवावेत. नुसती साचलेली धूळ रंगाला सहसा ओरखडत नाही. ती कोरड्या फडक्याने पुसताना ओरखडे पडतात.