टेकडीवरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर भल्या सकाळी गवतातून उधळणारा करडा-तपकिरी ससा आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यात विकायला ठेवलेला पांढराशुभ्र ससा, हे एकाच प्राण्याचे रानटी आणि पाळीव प्रकार आहेत असं शहरात बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या प्रजाती आहेत, आणि हा फरक ठाऊक नसल्यामुळे दोघांचेही हाल होतात. टेकडीवरचा तो भारतीय ससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस. त्याच्या मानेमागे काळा पट्टा असतो, पाय लांब, कान उभे. पिंजऱ्यातला तो युरोपीय ससा, ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. न्यूझीलंड व्हाइट असो की अंगोरा, जगातल्या साऱ्या पाळीव सशांचा पूर्वज हाच. भारतीय सशाची गुणसूत्रं 48, युरोपीय सशाची 44, त्यामुळे त्यांच्यात संकर होत नाही.  

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो पिल्लांत. पाळीव सशाची मादी महिन्याभरात विते. तिची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात आणि त्यांचे डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. तिच्या पूर्वजांना जमिनीखाली बीळ असतं, म्हणून अशी असहाय पिल्लं तिथे वाढू शकतात. आपला रानातला ससा बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या दाबाने झालेल्या उथळ खळग्यात तो दिवसभर दबून बसतो. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. आई त्यांच्यापासून मुद्दाम लांब राहते, कारण तिच्या वासामागे शिकारी येतात. रात्री फेरी मारून काही मिनिटांत दूध पाजते आणि निघून जाते. टेकडीवर किंवा एखाद्या बांधकामाच्या मोकळ्या प्लॉटवर एकटं, निश्चल बसलेलं पिल्लू म्हणूनच बहुधा अनाथ नसतं. दया येऊन कुणी ते घरी नेतं, गाईचं दूध पाजतं आणि पिल्लू दगावतं. भटकी कुत्री खातील त्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. कुत्र्यांचा धोका खराच आहे. पण त्यावर उपाय कुत्र्यांना तिथून हुसकावणं, स्वतः लांब जाणं, हाच. फार तर पिल्लू चार पावलांवरच्या दाट गवतात सरकवावं. जखमी असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. हा ससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडणं आणि घरी पाळणं दोन्ही गुन्हे आहेत, हेतू कितीही चांगला असला तरी.

उलट दिशेची चूक अधिक क्रूर ठरते. मुलांचा उत्साह ओसरला, घर बदललं, की पाळलेला ससा टेकडीवर नाहीतर बागेत ‘निसर्गात मुक्त’ केला जातो. सोडणाऱ्याच्या मनात आपण पुण्यच करतोय अशी भावना असते. पण हा निसर्ग त्याचा नाही. पांढरा रंग दुरूनही नजरेत भरतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते आणि तापमान तिशीच्या वर गेलं की पाळीव सशाला धाप लागू लागते. एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. पूर्वजांप्रमाणे बीळ खणायचं म्हटलं तर आपल्या टेकड्यांवर मातीचा पातळ थर आणि खाली मुरूम नाहीतर कातळ. शिवाय भीतीच कमी झालेली असते. पाळीव आणि रानटी युरोपीय सशांच्या मेंदूंची तुलना करणारं एक संशोधन 2018 साली प्रसिद्ध झालं. त्यात पाळीव सशांच्या मेंदूतला भीतीशी संबंधित भाग लहान असल्याचं आढळलं. सशाचं काळीज म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, तेच रानात त्याला वाचवतं, आणि तेच माणसाच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेलं आहे.

यावर हमखास ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला जातो: तिथे सोडलेले ससे खंडभर पसरले, मग इथे का जगणार नाहीत? पण तो दाखला नीट वाचला तर नेमकं उलटं सांगतो. 1788 साली ब्रिटिशांचा पहिला ताफा सिडनीला पोहोचला तेव्हा त्यात पाळीव ससे होते, नंतरही ते पुन्हापुन्हा आणले गेले. सत्तर वर्षं त्यांचा सुळसुळाट झाला नाही. तो झाला थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने 1859 साली इंग्लंडहून शिकारीसाठी रानटी वंशाचे ससे मागवल्यानंतर. 2022 च्या एका जनुकीय अभ्यासानेही खंडभरच्या उद्रेकाचं मूळ त्याच सशांपर्यंत नेलं. फ्रँकफर्टसारख्या शहरांच्या बागांतले ससेही रानटीच आहेत, तिथल्या हवामानात आणि मऊ मातीत मुरलेले. सोसायटीच्या आवारात सोडलेला एखादा ससा वर्षभर टिकतोही, पण तो वॉचमनने किंवा कुणी रहिवाशाने रोज टाकलेल्या पाल्यावर. म्हणजे तो मुक्त नाही, फक्त बेवारस आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

घरात ठेवलेल्या सशाचे हाल मात्र अज्ञानाने होतात. गाजर हा त्याचा आहार नाही. त्यात साखर बरीच, ते चवीपुरतं द्यावं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर, आणि ते झिजायला दिवसभर गवत चघळावं लागतं. आतड्याची हालचालही त्याच तंतूंवर चालते. ती थांबली की पोटात वायू साठतो. अर्धा दिवस काही न खाल्लेला ससा म्हणजे तातडीने पशुवैद्याकडे न्यायचा ससा. गवताची तजवीज करताना चाऱ्याच्या दुकानात सहज मिळतो तो लसूणघास. त्यात कॅल्शियम फार, वाढत्या पिल्लांना तो चालतो, मोठ्या सशाच्या मूत्राशयात मात्र गाळ साचण्याचा धोका असतो. हरळी आणि इतर साधं वाळलेलं गवत मुख्य, सोबत थोडी कोथिंबीर किंवा पालेभाजी, एवढं पुरे. पहाटे ससा स्वतःच्या गुदाशी तोंड लावून मऊ, चिकट गोळ्या खातो, ते पाहून घरचे हबकतात. ती घाणेरडी सवय नाही. पहिल्या फेरीत न पचलेले पोषक घटक तो असे परत मिळवतो.

उताणा धरला की ससा ‘शांत’ होतो, हा समज तर व्हिडिओंमधून वाढतच चाललाय. तो पडून राहतो कारण शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यासारखं त्याचं शरीर गोठतं. हृदयाची धडधड आणि ताण कायम असतो. कान धरून उचलणं तर पूर्ण बंद व्हायला हवं. मागचे पाय झाडताना सशाचा मणका मोडू शकतो, इतकी त्याची हाडं हलकी आणि मांड्या जोरकस. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. तिसरीतल्या मुलासाठी आज आणलेला ससा ते मूल बारावीला जाईपर्यंत घरात असू शकतो, आणि त्याचं रोजचं गवत, खच्चीकरण, दातांची तपासणी हे सगळं मोठ्यांनाच करावं लागतं. ते जमणार नसेल तर ससा आणूच नये. आणलेला सांभाळणं अशक्य झालं तर माहितीतलं दुसरं घर किंवा प्राणी स्वीकारणारी संस्था शोधावी, आणि ती सापडेपर्यंत त्याला घरातच ठेवावं.