चाचणीआधी सिम्युलेटर
बारामती-इंदापूरच्या गाड्यांचा क्रमांक एमएच ४२, परिवहन कार्यालय बारामतीचं. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून आधार क्रमांकावर घरबसल्या देता येते. पक्क्या परवान्यासाठी मात्र ३० दिवसांनंतर गाडी चालवूनच दाखवावी लागते.

मधल्या काळात सिम्युलेटर खरोखर कामाला येतो. पडद्यासमोर स्टिअरिंग, गिअर, तीन पेडल. चढावर क्लच झटकन सोडला की गाडी बंद पडते, पण मागून कुणी हॉर्न मारत नाही. पायाला सवय लागते, धास्ती कमी होते.

अंतराचा अंदाज मात्र रस्त्यावरच येतो. गाळपाच्या दिवसांत भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे अंधारात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो, मागे दिवा असेलच असं नाही. म्हणून गाडीला ‘एल’ची पाटी लावून, परवानाधारकाला शेजारी बसवून रस्त्यावरचा सरावही कराच, आधी दिवसाउजेडी.