शून्य व्होल्टाचा षड्ज

मॉड्युलर सिंथेसायझर नावाच्या वाद्यात सूर म्हणजे व्होल्टेज. तार नाही, पत्ती नाही, कातडं नाही. ऑसिलेटरला जेवढं व्होल्टेज द्यावं तेवढा त्याचा स्वर चढतो, आणि बहुतेक यंत्रांत त्याचं माप ठरलेलं आहे: एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतचं सगळं अंतर एका व्होल्टात मावतं. त्याचे बारा सारखे भाग केले तर एका स्वराच्या वाट्याला साधारण 83 मिलिव्होल्ट येतात. आपल्या संगीतशास्त्रातली प्रमाण श्रुती घेतली तर ती जेमतेम 18 मिलिव्होल्टांची भरते.

ज्या वाद्याचा सूर मिलिव्होल्टांत मोजला जातो, त्याला वीज पुरवणारी पेटी हा वाद्याचाच भाग मानायला हवा. व्यवहारात होतं उलटं. लोक ऑसिलेटर, फिल्टर, सिक्वेन्सर यांवर हौसेनं खर्च करतात आणि उरलेल्या पैशांत जमेल तो पॉवर सप्लाय घेतात. मग मॉड्यूलं बसवलेला रॅक घुमतो, स्वर सरकतात, आणि दोष ऑसिलेटरच्या माथी जातो.

या वाद्याचा भारताशी संबंध जुना आहे. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यावर व्होल्टेजनं चालणारी मॉड्युलर यंत्रं घडवली, आणि 1969 मध्ये त्यांतला एक मूग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला. त्यामागे संगीतज्ञ गीता साराभाई होत्या. 1946 मध्ये न्यूयॉर्कला असताना त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी पुढची तीनेक वर्षं त्या यंत्रावर रचना केल्या. त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. इंग्लंडचे संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि 2023 मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावानं त्या लोकांपुढे आल्या.

मूगच्या त्या काळच्या मॉड्युलरला अधिक 12 आणि उणे 6 व्होल्ट लागत. अमेरिकेतली घरगुती वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची, आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. असं वाद्य इथे आणायचं म्हणजे आधी विजेचा मेळ घालायचा आणि मग सुराचा. आज सगळ्यात जास्त चालतो तो युरोरॅक. जर्मनीत डीटर डोपफर यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यावर ए-100 ही मालिका काढली आणि तिचंच माप इतरांनी उचललं. त्याला अधिक 12, उणे 12 आणि काही मॉड्यूलांसाठी अधिक 5 व्होल्ट लागतात. ध्वनीची लाट शून्याच्या वरखाली हलते, म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंना वीज हवी.

आता हे यंत्र बीदरच्या उत्तरेला जनवाड्यासारख्या गावात मांडायचं म्हटलं, तर हिशेब बदलतो. कागदावर इथेही 230 व्होल्टच येतात, जेस्कॉम या वीज कंपनीच्या तारेतून. पण लांबलेल्या लाइनच्या टोकाला, शेतातले पंप एकदम सुरू झाले की मीटर 180 पर्यंत उतरू शकतो. रात्री भार कमी झाला की तोच 250 च्या आसपास चढतो. अवकाळीचं वारं सुटलं की लाइट जाते, आणि येते तेव्हा झटका देऊन येते. शहरातल्या स्टुडिओसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

सप्लायची जुनी पद्धत लिनिअर. ट्रान्स्फॉर्मर 230 चे 15-0-15 करतो, ब्रिज रेक्टिफायर त्याचं डीसी करतो, मोठे कपॅसिटर ते भरून धरतात, आणि शेवटी 7812 आणि 7912 हे रेग्युलेटर ठाम अधिक 12 आणि उणे 12 देतात. या सप्लायचा आवाज फार स्वच्छ. आता जरा आकडे मांडू. लाइन 230 असताना कपॅसिटरवर साधारण 20 व्होल्ट चढतात. लाइन 180 झाली की ते साडेपंधराच्या आसपास येतात. 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि एक अँपिअर खेचत असू, तर दोन भरण्यांच्या मधे व्होल्टेज आणखी दोनेक व्होल्ट खाली उतरतं, म्हणजे साडेतेरा. 7812 ला नीट चालायला निदान 14 लागतात. तिथे तो हात टेकतो, आणि सेकंदाला शंभर वेळा पडणारा खड्डा आउटपुटमध्ये शिरतो. कानाला ऐकू येते ती 100 हर्ट्झची खर्जातली गुणगुण. दिवसा पंप चालू असताना घुमणारा रॅक रात्री अकरानंतर स्वच्छ वाजतो, याचं कारण बहुतेकदा इतकंच असतं.

उपाय म्हणून 18-0-18 चा ट्रान्स्फॉर्मर घेतला तर 180 वरही व्होल्टेज पुरतं. पण लाइन 250 झाली की कपॅसिटरवर 26 च्या आसपास व्होल्ट चढतात. वरचे चौदा व्होल्ट रेग्युलेटरला उष्णतेत घालवावे लागतात, म्हणजे एका अँपिअरला एका बाजूला चौदा वॅट. हीटसिंक लहान असेल तर रेग्युलेटर तापून स्वतःच बंद होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर लवकरच.

दुसरी पद्धत स्विचिंगची, जिला बाजारात सगळे एसएमपीएस म्हणतात. लाइनवर कमी-जास्त जे येईल ते घेऊन बारा देणं हा त्याचा गुण, आणि आपल्या लाइनसाठी तो मोठा आहे. दोष असा की आत सेकंदाला हजारो वेळा चालणाऱ्या स्विचिंगची कुजबुज आउटपुटमध्ये उतरते. 12 व्होल्टांच्या चांगल्या एसएमपीएसच्या माहितीपत्रकातही 120 मिलिव्होल्टांची लाट (रिपल) लिहिलेली आढळते. ही लाट कानाला ऐकू येण्यापलीकडच्या वेगाची असते, पण मॉड्यूलांतल्या घड्याळांशी तिची गाठ पडली की तिचं बारीक शिटीसारखं पिल्लू ऐकू येतं. विजेच्या प्रत्येक दुकानात एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे स्वस्त सप्लाय याच जातीचे, आणि त्यांत फिल्टरिंगला बहुधा काटच मारलेली असते.

आपल्याकडच्या परिस्थितीला मला सगळ्यात योग्य वाटते ती दोन्हींची जोडी. 15 व्होल्टांचे दोन चांगले एसएमपीएस घ्यायचे आणि त्यांच्या पुढे लिनिअर रेग्युलेटर लावायचे. लाइन 180 असो की 250, एसएमपीएस पंधराच देतो. रेग्युलेटरला तीन व्होल्टच जाळावे लागतात, म्हणजे एका अँपिअरला तीन वॅट. आणि बाहेर पडणारं बारा धुऊन निघालेलं असतं. जोडणी अशी: पहिल्याचा उणे आणि दुसऱ्याचा अधिक एकत्र बांधला की तो बिंदू शून्य होतो. त्याआधी एक तपासणी चुकवू नये. प्लग काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा आणि प्रत्येक सप्लायचा आउटपुटचा उणे त्याच्या अर्थच्या स्क्रूला जोडलेला आहे का ते पाहायचं. दोन्हींत तो आतून अर्थला बांधलेला असेल तर अशी जोडणी केल्यावर एका सप्लायचा थेट शॉर्ट होतो.

किती अँपिअरचा सप्लाय घ्यावा, हे ठरवताना तिन्ही ओळींची बेरीज वेगवेगळी करायची. प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीत तो अधिक 12 वर, उणे 12 वर आणि अधिक 5 वर किती मिलिअँपिअर घेतो हे दिलेलं असतं. समजा बारा मॉड्यूलांची बेरीज अधिक 12 वर 1100, उणे 12 वर 700 आणि अधिक 5 वर 200 झाली. त्यावर तीस टक्के चढवायचे: 1430, 910 आणि 260. म्हणजे अधिक 12 ला दीड अँपिअर, उणे 12 ला एक अँपिअर आणि अधिक 5 ला निदान 260 मिलिअँपिअर हवेत. हे तीस टक्के चैनीचे नाहीत. बटण दाबल्याक्षणी सगळ्या मॉड्यूलांतले कपॅसिटर एकदम भरू लागतात आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट मागतात. सप्लाय तोकडा असेल तर लाइट येऊन-जाऊन करणाऱ्या दिवशी रॅक अर्धवट सुरू होऊन अडकतो.

पेटी झाली की वायरिंग. इथेच मेहनतीनं घेतलेला सूर हरवतो. तानपुऱ्याचा षड्ज जसा सगळ्या मैफलीचा आधार, तसा या वाद्यात शून्य व्होल्ट. प्रत्येक मॉड्यूल आपला स्वर या शून्यापासून मोजतो. पण तारेला थोडा का होईना रोध असतो, आणि सगळ्या मॉड्यूलांचा परतीचा करंट या शून्याच्या तारेतूनच सप्लायकडे जातो. अर्धा चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तारेतून एक अँपिअर गेला तर 35 ते 40 मिलिव्होल्ट वाटेतच राहतात. म्हणजे तारेच्या या टोकाचं शून्य आणि त्या टोकाचं शून्य यांत दोन प्रमाण श्रुतींचा फरक. फरक स्थिर असता तर एकदा सूर लावून मोकळं होता आलं असतं. पण रॅकमधले दिवे लुकलुकतात, डिजिटल मॉड्यूल कधी जास्त खेचतं कधी कमी, आणि ऑसिलेटरचा स्वर त्या तालावर हलत राहतो.

यावरचा इलाज प्रत्येक वायरमनच्या पिशवीत आहे: जाड तार. घरातल्या प्लग पॉइंटला ओढतात ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर लावली की तोच फरक सात-आठ मिलिव्होल्टांवर येतो, आणि लांबी तीस सेंटिमीटरवर आणली की दोन-अडीचवर. शून्याच्या तारा एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशा माळेसारख्या ओवायच्या नाहीत. प्रत्येक बसबोर्डाकडून, म्हणजे मॉड्यूलांना वीज वाटणाऱ्या पट्टीकडून, सप्लायच्या एकाच बिंदूवर स्वतंत्र तार आणायची. भरपूर करंट खाणारी डिजिटल मॉड्यूलं एका बसबोर्डावर आणि ऑसिलेटर दुसऱ्यावर ठेवले तर स्वर आणखी शांत होतो.

बसबोर्डापासून मॉड्यूलपर्यंत चपटी रिबन केबल जाते, दहा किंवा सोळा पिनांची. तिच्या एका कडेला लाल रेघ असते आणि रिवाजानं ती उणे 12 ची बाजू. दहा पिनांची केबल उलटी लागली की उणेच्या जागी अधिक आणि अधिकच्या जागी उणे जातं, आणि आतले आयसी क्षणात जातात. काही मॉड्यूलांत यापासून वाचवणारे डायोड असतात, सगळ्यांत नसतात. म्हणून केबल लावताना लाइट बंद ठेवायची, आणि पहिल्यांदा मॉड्यूल न लावताच बसबोर्डावरचे तिन्ही व्होल्टेज मोजून घ्यायचे.

230 ची बाजू तर जिवाशी खेळणारी आहे. फ्यूज फेजवरच हवा, न्यूट्रलवर नाही. लोखंडी रॅकचा पत्रा अर्थला घट्ट बांधलेला हवा. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहतात, म्हणून त्याचं झाकण उघडायचं नाही. अर्थिंगचं इथलं दुखणं वेगळं. बीदरचं पठार जांभा दगडाचं. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. कोळसा-मिठाचा खड्डा नीट भरलेला असावा आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत राहावं. रॅक घुमण्याचं एक कारण याच खड्ड्यात सापडू शकतं.

इन्व्हर्टरचीही नीट चौकशी करावी. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो. खऱ्या साइन लाटेचं शिखर सव्वातीनशेच्या जवळ जातं. चौकोनी लाटेचं शिखर 220-230 वरच थांबतं. लिनिअर सप्लायचे कपॅसिटर शिखरापर्यंतच भरतात, म्हणून तिथे तो अर्धपोटी राहतो आणि ट्रान्स्फॉर्मरही घुमतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला तर हा त्रास टळतो.

कर्नाटकाला अशा कामाची परंपरा आहे. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला. ते स्वतः बासरी वाजवणारे आणि अभियंते. सूर आणि सर्किट या दोन्हींना त्यांनी एकाच कानानं ऐकलं. आमच्या सीमाभागात तर कानांची कमी नाही. भजनी मंडळात पेटी किंचित उतरलेली आहे हे मागे बसलेला म्हातारा माणूस पहिल्या ओळीत ओळखतो. आणि सर्किटाच्या हातांचीही नाही. बीदर, भालकी, उदगीर इथे पंपाच्या मोटारी आणि स्टॅबिलायझर वाइंड करणारी दुकानं आहेत. लाइन 180 ला आली की ट्रान्स्फॉर्मरला कुठे टॅप काढायचा, हे त्या माणसांना आकडेमोडीवाचून कळतं.

म्हणून इथल्या एखाद्या पोरानं मॉड्युलर बांधायचं ठरवलं, तर त्यानं पहिला ऑसिलेटर मागवण्याआधी अशा एखाद्या दुकानात जाऊन बसावं. तारेची जाडी, रेग्युलेटरचा ताप, अर्थिंगचा खड्डा आणि फेज-न्यूट्रलची ओळख तिथे काम करता करता होते, आणि ती झालेल्या माणसाचा रॅक घुमत नाही. हैदराबादच्या कोटीतून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणता येतात, मॉड्यूलं परदेशातून मागवता येतात. दहा मिलिव्होल्टांची किंमत ओळखणारा हात मात्र आपल्याच गावात घडवावा लागतो, आणि तो घडवायला लागणारं सगळं गावात आधीपासून आहे.