कोमांची मुलूख आणि त्याच्या सरहद्दी

उत्तरेकडील शोशोनी जमातीपासून विलग होऊन जे लोक अठराव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेच्या गवताळ मैदानांत उतरले, आणि स्पॅनिश वसाहतींतून पसरलेल्या घोड्यावर ज्यांनी असे प्रभुत्व मिळविले की अपाची टोळ्यांना आपला मुलूख सोडून सरकावे लागले, त्या कोमांचींचा अंमल पुढे पश्चिम टेक्सासपासून आर्कान्सॉ नदीपर्यंत चालला. त्यांना केवळ लुटारू म्हणणे मला अन्यायाचे वाटते (माणसे पळवून विकण्याचा व्यापार ते करीत, हेही खरेच). कारण १७८६ साली न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर आन्सा याच्याशी केलेला तह त्यांनी दीर्घकाळ पाळला. टेक्सासच्या वसाहतवाल्यांशी मात्र तंटा जमिनीचाच होता. मार्च १८४० मध्ये सॅन अँटोनियो येथे वाटाघाटींसाठी आलेल्या सरदारांना, सर्व बंदिवान परत आणले नाहीत या सबबीवर, ओलीस धरण्याचा हुकूम झाला, आणि उसळलेल्या झटापटीत तीसहून अधिक कोमांची, त्यांत काही स्त्रिया व मुलेही, प्राणांस मुकले. ऑगस्टात बफेलो हंप या सरदाराने लिनव्हिल बंदर लुटून त्याचा सूड उगविला. पुढे १८७४ मध्ये पालो ड्यूरोच्या दरीत अमेरिकी सैन्याच्या कर्नल मॅकेन्झीने पाडाव केलेल्या घोड्यांपैकी हजाराहून अधिक ठार करविले, आणि जून १८७५ मध्ये कोमांची सरदार क्वाना पार्कर याची टोळी फोर्ट सिल येथे शरण आली.